साबणाचा फेस

झाशीच्या एका सरकारी कारखान्यात रामकृष्ण फिटर होते आणि त्यांचे हात धुतले जात नव्हते. बोअरचं पाणी जड. साबणाच्या कणाने एका टोकाने पाणी धरायचं, दुसऱ्याने ग्रीस; पण इथे पाण्यातले क्षारच त्याला आधी गाठत आणि मळ राहायचा जागच्या जागी. डिटर्जंट क्षारांना जुमानत नाही. पण तो मंजूर नव्हता. घरून पुडी आणावी तर गेटवर रसायनांना बंदी, आणि घरी पोचेतो ग्रीस मुरलेलं.

रविवारी नातीचं बारसं होतं. मुलगी मेघना म्हणाली, "बाबा, असे काले हाथ घेऊन बाळाला नाही उचलायचं हं."

रामकृष्णांना फार लागलं ते. त्यांनी हिंदीत अर्ज केला, पण घरचा मराठी शब्द आत घुसलाच: "साबुन में फेस नहीं आता."

झाशीत फेसाला झाग म्हणतात. फेस म्हणजे चेहरा. अर्ज चेहरा पाहून हजेरी लावणाऱ्या विभागात गेला.

"किसका फेस नहीं आता?" तिथल्या तिवारीजींनी विचारलं.

"साबुन का."

"फोटो लगाइए."

रामकृष्णांनी इलाइट चौराह्यावरच्या स्टुडिओतून साबणाचे दोन फोटो काढून आणले.

"कान नहीं दिख रहे. मेडिकल से लिखवाइए."

डॉक्टरांनी साबण तपासून 'कान जन्मतः नाहीत' असा दाखला दिला. फोटो अर्जदाराच्या, म्हणजे रामकृष्णांच्याच नावावर चढला. शुक्रवारी हजेरीच्या यंत्राने त्यांना ओळखलं नाही. साबण समोर धरला, तेव्हा लगेच म्हणालं, "रामकृष्ण, उपस्थित."

शनिवारी सात टेबलं फिरून ते तिवारीजींसमोर कोसळले. "साहब, अब तो मेरे मुँह में फेस आ गया!"

"बधाई हो," तिवारीजी म्हणाले आणि फाइलवर लिहिलं: फेस आ गया. शिकायत निस्तारित. म्हणजे तक्रार निकाली.

रविवारी सगळ्यांनी बाळ घेतलं. रामकृष्ण हात पाठीमागे बांधून पाळण्याशी उभे राहिले. तेवढ्यात फोन वाजला. निकालाने संतुष्ट असाल तर एक दाबा. नसाल तर दोन दाबा आणि कागदपत्रांसह पुन्हा हजर व्हा.

काळ्या बोटाने त्यांनी एक दाबला.

हसू नका. तुम्ही कधी दोन दाबलाय?