उघड्या डोळ्यांचा टाळकरी

"अवं, तुमी कीर्तनात झोपता?" तानाबाईंनी नवऱ्याच्या नाकासमोर मोबाइल धरला.

सदाशिवरावांनी चष्मा चढवला. फोटो त्यांचाच होता, गावात चालू असलेल्या सप्ताहातला. महाराजांच्या मागे टाळ घेऊन उभे, मान मागे कललेली, डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आमचे अमरसिंगभाऊ, निवडून आल्यावर.'

"झोपलो नाही वं! चाल वर गेली का डोये मिटतेत माये."

"हे मले सांगून राह्यले. गावाले कोन सांगन?"

ती झोप नव्हती, हे मात्र खरंच होतं. मृदंग चढला आणि महाराजांनी वरचा सूर धरला की सदाशिवरावांपुढून मंडप, माणसं, सोयाबीनचा भाव, सगळं विरून जायचं. पांडुरंगाशी एकट्यानं बोलायची त्यांची ती वेळ. तीच आता राजकारणात उतरली होती.

पुढारी अमरसिंगभाऊंच्या माणसांनी दुपारपर्यंत उत्तर धाडलं. फोटो तोच, खाली 'विरोधक, गावाला पाणी नसताना.' त्यावर विरोधकांनी टाकलं, 'आपल्या रस्त्याची फाइल.' दुसऱ्या दिवशी सदाशिवराव यवतमाळला गेले, तर एसटीतला अनोळखी कंडक्टर त्यांना पाहून ओरडला, "अरे, फाइल हालली वाटते!"

ते घरी परतले, तेव्हा सप्ताह कमिटीचे अध्यक्ष उकंडाजी ओसरीवर बसलेले होते.

"सदाशिवभाऊ, अमरसिंगभाऊ लय भडकले. मंडप त्याईचा, काल्याचं जेवन त्याईचं. म्हन्तेत, तो मानूस टाळात नाही पाह्यजे."

सदाशिवरावांचा चेहरा उतरला. "मंग मी कुठी उभा राहू?"

"भांडे घासाले मानसं कमी हायेत."

"ते कायले घासतीन?" तानाबाई आतून म्हणाल्या. "घरी कधी ताट उचललं नाही!"

उकंडाजींनी पुन्हा जाऊन भाऊंचे हातपाय धरले आणि एक सवलत आणली. आजच्या कीर्तनात डोळे उघडे राहिले, तर टाळ राहील. मिटले, तर उद्यापासून भांडी. कोण जागं असतं ते लोकांना दिसावं, म्हणून भाऊ स्वतः पहिल्या रांगेत बसणार होते.

कीर्तन सुरू झालं. अर्धा मंडप मोबाइल उगारून बसला होता आणि सगळ्यांचा नेम सदाशिवरावांवर. चाल चढू लागली. त्यांनी डोळे असे ताणले की पाणी आलं. तानाबाई बायकांतून खुणा करत होत्या, 'उघडे! उघडे!' इतक्या वर्षांत सदाशिवरावांनी समोरची सभा कधी धड पाहिलीच नव्हती. आज पाहिली. पहिल्या रांगेत, मऊ गादीवर, अमरसिंगभाऊंची हनुवटी छातीला टेकली होती. सदाशिवराव फक्त डोळे सांभाळत राहिले.

तेवढ्यात महाराज श्वास घ्यायला थांबले, मृदंगही थांबला आणि त्या शांततेत एक लांबलचक घोरणं निघालं.

"सदाशिवराव, जागे आहात ना?" महाराजांनी मागे न बघताच माइकवरून विचारलं.

"जागाच हाओ, महाराज!"

सभा क्षणभर गोंधळली. मग एक मोबाइल गादीकडे वळला, दुसरा वळला, आणि बघता बघता सगळेच वळले. उकंडाजी उपरणं घेऊन भाऊंचं तोंड झाकायला धावले, तेही फोटोत आले.

महाराजांनी पुन्हा सूर धरला. टाळकऱ्यांकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. सदाशिवरावांनी निवांत डोळे मिटले.