जैसे थे

आमच्या घरच्या सत्यनारायणाची आरती राठोड सरांनी मध्येच थांबवून पहिल्यापासून म्हणायला लावली होती. घाईत आम्ही दुसरं कडवं गाळून थेट तिसऱ्यावर गेलो, तेवढ्यात मागून आवाज आला, "जैसे थे!" टाळ्या थांबल्या. भटजींची घंटा हवेतच राहिली. माझी बायको निरांजनासकट गोठली. "एक कडवं खाल्लं तुमी," सर म्हणाले, "पुन्हा." आणि आम्ही चांगली शिकलीसवरली माणसं मुकाट्याने पहिल्यापासून सुरू झालो. शिऱ्याच्या आशेने दारात उभे असलेले शेजारचे सलीमभाईसुद्धा टाळ्या वाजवायला लागले.

थावरू राठोड हे सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या एका बंजारा तांड्यावरचे. सतरा वर्षं फौजेत काढून, हवालदार म्हणून निवृत्त होऊन, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते आमच्या शाळेत पीटीचे शिक्षक म्हणून लागले. मी तिथे मराठी शिकवायचो, म्हणून त्यांच्या लेखी माझं नाव 'मराठीवाले'.

'जैसे थे' हा कवायतीतला हुकूम. कोणाचा पाय चुकला की तो सुटतो. मग आधी जसे उभे होतात तसे उभे राहायचं आणि तेच पुन्हा करायचं. "यात सजा न्हाई, मराठीवाले," सर मला समजावून सांगत. "चूक झालीच न्हाई असं समजायचं. फौजेत इतका रहमदिल हुकूम दुसरा न्हाई."

ही दया मी भरपूर भोगली. सव्वीस जानेवारीच्या संचलनात शिक्षकांनीही चालायचं, असा सरांचा आग्रह. माझा डावा पाय निघाला की डावा हातही सोबत निघतो, तो माझ्या जन्माचा दोष आहे. एकदा पोरं डबे खाऊन परत आली, तरी मी आपला झेंड्याच्या खांबापाशी 'जैसे थे'. मुख्याध्यापकांनी हजेरीपटावर भलत्याच रकान्यात सही केली, तेव्हा त्यांनाही हाच हुकूम मिळाला, आणि ते बिचारे शाईची सही खोडरबराने घासत बसले. सरांना कोणी निरुत्तर करत नसे असं नाही. एकदा घरी चहा जास्त गोड झाला म्हणून त्यांनी 'जैसे थे' म्हणत कप पातेल्यात रिकामा केला. राठोडकाकू चुलीपासून न हलता म्हणाल्या, "पातेल्यातून साखर माघारी कशी काढावी, ते न्हाई शिकवलं वाटतं फौजेत?" सर चहा प्यायले.

मुलींचा खो-खोचा संघ मात्र त्यांचा जीव होता. पोरीला मैदानात पाठवायला बाप तयार नसला की सर त्याच्या बाजेवर जाऊन बसत आणि तो हो म्हणेपर्यंत उठत नसत. हिंगोलीच्या एका सामन्यात आमची पाठलाग करणारी मुलगी अगदी गडी बाद करणार होती. हात पाठीला लागायला वीतभर अंतर. तेवढ्यात पंचांचा निकाल न पटून सर ओरडले, "जैसे थे!" पंचांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पण आमची मुलगी वळली आणि शहाण्यासारखी आधीच्या जागी जाऊन बसली. सामना गेला. सरांना मैदानाबाहेर काढलं. "हरलो," परतीच्या एसटीत ते म्हणाले, "पण पोरीनं हुकूम बराबर ऐकला."

ती पाठलाग करणारी मुलगी म्हणजे त्यांचीच लेक, शेवंता. ती त्यांना 'सर' म्हणायची. शाळेत म्हणायची ते ठीक, घरीही सर. "सर, भाकर वाढली." आम्हाला याची फार गंमत वाटे. सर स्वतःच तिच्या लहानपणचा किस्सा सांगत. वर्षातून एकदा ते काळी पेटी घेऊन सुट्टीवर यायचे. एका सुट्टीत चार वर्षांच्या शेवंताने त्यांच्यासमोरच आईला विचारलं, "हा पाहुणा कधी जाणार?" सर हे सांगून मोठ्याने हसत, आणि हसता हसता शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहत.

एकदा ते हसले नाहीत. "लेकरू नऊ वर्षांचं झाल्यावर मी घरी आलो, मराठीवाले. आधी सर झालो तिचा. बा व्हायचं राहूनच गेलं. एकदा तरी म्हणल म्हणून वाट पाहून राहिलो." मग म्हणाले, "तिथं 'जैसे थे' चालत न्हाई." मला फार वाईट वाटलं.

पुढे शेवंताचं लग्न ठरलं. मांडवात सरांनी पंगतीसुद्धा रांगेत बसवल्या. एका वाढप्याने मिठाआधी भात वाढला, तो 'जैसे थे' झाला. मग निरोपाची वेळ आली. तांड्याच्या रिवाजाप्रमाणे बायका ढावलो म्हणू लागल्या. हे गळ्यात पडून रडत रडत म्हणायचं गाणं असतं. शेवंता आईच्या, आत्याच्या, मावशीच्या गळ्यात पडून रडली. वडिलांपुढे आली तशी ताठ झाली. वाकून पाया पडली. "येते, सर."

"हां," सर म्हणाले. "नीट राहा."

जीप निघाली. चालवायला गजानन होता, आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. पाण्याच्या टाकीपर्यंत गाडी गेली असेल, तेवढ्यात माझ्या कानाशी गर्जना झाली, "जैसे थे!"

गजाननला दहावी होऊन पाच वर्षं झाली होती, पण त्याच्या पायाला कोण सांगणार? त्याने करकचून ब्रेक मारला, आणि जीप सरळ रेषेत मागे येत आधी जिथे होती तिथेच मांडवाच्या दारात उभी राहिली. नवरदेवाने फेटा दोन्ही हातांनी धरला होता. वराच्या मामांनी डोकं बाहेर काढलं. "काय राहिलं?"

कोणाचंच काही चुकलं नव्हतं. हुकूम का दिला, हे बहुतेक सरांनाही कळलं नव्हतं. ते सावधानमध्ये उभे होते आणि त्यांची हनुवटी हलत होती.

शेवंता जीपमधून उतरली. शालूसकट धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली.

"बा," ती म्हणाली.

"जैसे थे," सर म्हणाले. "पुन्हा म्हण."