वासुभाऊंची हॅट चिमटीने धरू नये

वरठी आणि परिसरातील तमाम नागरिकांना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की वासुभाऊंची हॅट कोणीही वरून चिमटीने धरू नये. उचलण्याची वेळ आलीच तर दोन्ही हात धुवून, पुसून, कोरडे करून, काठाला खालून आधार देत उचलावी. ठेवताना उलटी ठेवावी, म्हणजे शेंडा खाली आणि तोंड वर. खुंटीला टांगल्यास होणाऱ्या परिणामांना टांगणारा स्वतः जबाबदार राहील.

ही सूचना माझ्या मनातली नाही. वासुभाऊंच्या बैठकीत आरशाखाली ती चिकटवलेली आहे, त्यांच्याच वळणदार अक्षरात. मी फक्त शेवटची ओळ गाळली. ती अशी : ‘डोकं कोनाचं? माहं. मंग?’

वासुभाऊ माझे शेजारी. आमची भिंत एकच. तीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवली, तीस वर्षं कंपनीचं पिवळं हेल्मेट डोक्यावर वागवलं आणि निवृत्त झाल्यावर दोन वर्षं अगदी शहाण्या माणसासारखे वागले. मागच्या दसऱ्याला त्यांच्या घरी एक गोल डबा आला. आम्हाला वाटलं मिठाई. आळीतली चार-पाच माणसं तोंड गोड करायला जमलीसुद्धा. डब्यातून निघाली राखाडी रंगाची, काळ्या फितीची, रुंद काठाची हॅट.

“कोलकत्त्याहून मागवली,” वासुभाऊ म्हणाले. “लोकरीची नाई, सांगून ठेवतो. सशाच्या लवीची हाये. दाबून दाबून बनवते.”

“किती ससे लागले, वासुभाऊ?” कोणीतरी विचारलं.

“तुह्या डोक्याले अर्धा पुरेल.”

आमच्या भागात पुरुषाच्या डोक्याला तीनच गोष्टी माहीत आहेत : दुपट्टा, पांढरी टोपी आणि खोबरेल तेल. त्यात ही चौथी आली आणि आळीचं मनोरंजन सुरू झालं. रेल्वेच्या फाटकात सगळ्या मोटरसायकली थांबतात, तिथे वासुभाऊ सायकलवर हॅट घालून उभे राहत. पोट्टे विचारत, “काका, घोडा कुठं बांधला?” वासुभाऊ मान न वळवता सांगत, “तुह्या बापाच्या अंगनात. घरी गेला का चारा घालजो.”

रोज सकाळी ओट्यावर बसून ते हॅटला मऊ ब्रश करत. डावीकडून उजवीकडे नाही, वरून खाली नाही. लव ज्या अंगाला झोपली असेल त्याच अंगाने, गोल गोल. “हिले केस असते, मास्तर,” मी शाळेत निघालो की ते मला थांबवून सांगत. “उलटा हात फिरवला का रागावते.” हॅट भिजली तर उन्हात वाळवायची नाही, चुलीजवळ तर नाहीच. आतली चामड्याची पट्टी बाहेर काढून हॅट तिच्यावर उभी करायची आणि सावलीत वाट पाहायची. एका संध्याकाळी अवकाळी सरींत त्यांनी हॅट शर्टाच्या आत घातली आणि स्वतः उघड्या डोक्याने भिजत घरी आले. हॅट डोक्याच्या रक्षणासाठी असते, असा माझा तोवरचा समज होता.

आता शकुनवहिनींबद्दल सांगायला हवं. वासुभाऊंची बायको. कमरेपर्यंत वेणी असलेली आणि भंडाऱ्याच्या बाजारात भांडून कोथिंबीर फुकट आणणारी, आमच्या आळीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या डोक्यावर चाई पडली. आधी रुपयाएवढं टक्कल, मग पुरीएवढं, आणि होळीपर्यंत अख्खं डोकं. डॉक्टर म्हणाले, जिवाला काही नाही. केस येतीलही, न येतीलही. उन्हाळा निभावला, कारण एप्रिल लागला की आमचा सगळा जिल्हाच डोक्याला दुपट्टा गुंडाळून फिरतो. कोणाच्या दुपट्ट्याखाली काय आहे, कोण विचारतो? मग पाऊस आला, सगळ्यांचे दुपट्टे सुटले आणि वहिनींचं दार लागलं. पदर घसरायचा, आणि घट्ट धरला तर बायका विचारायच्या. हळूहळू त्यांचा आवाजही भिंतीपलीकडून ऐकू येईनासा झाला.

माघात आंबागडला त्यांच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. जिला वहिनींनी न्हाऊमाखू घालून मोठं केलं, तिचं. वहिनींनी सांगून टाकलं होतं, “मी येत नाई. फोनवर आशीर्वाद देईन.”  वासुभाऊ हॅटला ब्रश करत बसले होते.

“बायको घरात कोंडून बसली, आन् हा बुढा हिरो बनून फिरून राहिला,” माझी बायको मंदा म्हणाली. मंदा आणि शकुनवहिनी म्हणजे जिवाभावाच्या. दोघींनी स्कूटी एकत्र शिकली, हेल्मेटही एकाच दुकानातून, एकाच मापाची घेतली होती. त्यामुळे दिवाळीनंतर वासुभाऊ शिंप्याची टेप घेऊन आमच्या दारात आले, तेव्हा मंदाच्या कपाळाला आधीच आठ्या होत्या.

“मंदाताई, डोकं द्या जरा.”

“कायले?”

“अभ्यास करून राहिलो.”

भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून टेप फिरली. “छप्पन,” असं पुटपुटत वासुभाऊ निघून गेले. संध्याकाळपर्यंत आळीत पक्की बातमी झाली की कारखान्यातल्या उष्णतेचा परिणाम उशिरा दिसतो.

त्याच महिन्यात माझ्या सासूबाई बपेऱ्याहून आल्या. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. वासुभाऊ चहाला आले, हॅट नियमानुसार उलटी करून टीपॉयवर ठेवली आणि हात धुवायला मोरीत गेले. सासूबाईंना समोर एक छान खोलगट टोपली दिसली. त्यांनी मुरमुऱ्यांचा ताजा, तेल सुटलेला चिवडा तिच्यात ओतला. वासुभाऊ परत आले आणि दारातच थांबले. मी डोळे मिटले.

“घ्या नं, बापू,” सासूबाई म्हणाल्या. “गरम गरम हाये.”

वासुभाऊ बसले. हॅटमधून एकेक मूठ घेत, शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत त्यांनी चिवडा संपवला. “मीठ बराबर पडलं, आई,” असंही म्हणाले. मग हॅट दोन्ही हातांनी उचलून घरी नेली आणि तीन दिवस पावडर लावून लावून तेल काढलं. त्यानंतर आठवडाभर फाटकात चंदनाचा वास येत होता. सासूबाईंना ती टोपली नव्हती, हे आजही माहीत नाही. वासुभाऊंची तशी सक्त ताकीद आहे.

लग्न आठ दिवसांवर आलं आणि आंबागडहून हिरामणजींचा मला फोन आला. हिरामणजी म्हणजे नवरीचे वडील, शकुनवहिनींचे थोरले भाऊ. शेतीवाडीचे, कडक, मोजकं बोलणारे.

“मास्तर, त्या जावयाले समजवा. भर मांडवात मानाची टोपी मी माह्या हातानं घालतो. डोक्यावर ते टोपलं असल तं मी कुठं घालू, गुडघ्यावर?”

प्रश्न साधा नव्हता. आमच्याकडे बहिणीचा नवराही घरचा जावईच, आणि लग्नघरी जावयाच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि खांद्यावर दुपट्टा घालून मान देतात. तो मान ज्याने नाकारला त्याचं नाव पुढची दोन-तीन लग्नं तरी निघत राहतं. मी निरोप दिला.

“खिशात घेईन म्हना,” वासुभाऊ म्हणाले. “डोक्यावर जागा नाई.”

मी तो निरोप बराच गुळगुळीत करून आंबागडला पोचवला. तिकडून उत्तर आलं, “मंग येऊ नका म्हना.”

मला वाटलं, आता सरळ घरात जाऊन बोलावं. बायको येत नाही म्हणते, नवऱ्याला येऊ नका म्हणतात. पोरीच्या लग्नात आत्याकडचं कोणीच नाही, हे काय झालं? भाषणाची तयारी करून मी गेलो. वासुभाऊ स्वयंपाकघरात होते. गॅसवर किटली उकळत होती आणि तोंडातून वाफेचा फवारा निघत होता.

“दार लावा, मास्तर. थंडी लागते तिले.”

मला वाटलं, वहिनींना. पण ते हातातल्या हॅटबद्दल बोलत होते. आणि ती त्यांची हॅट नव्हती. पिकल्या जांभळाच्या रंगाची, लहान, बारीक रेशमी फितीची. वासुभाऊ तिचा काठ वाफेवर धरत होते, मग अंगठ्याने एका बाजूला हळूच खाली वळवत होते. जरा वळवायचे, लांब धरून पाहायचे, पुन्हा वाफ.

“दुसरी?” मी विचारलं.

“तिची.”

माझं भाषण कुठे गेलं, कळलं नाही.

“पण वासुभाऊ, दुपट्टा आहे की. हॅटच कशाला?”

“दुपट्टा बांधला तं लोक विचारते, बाई काय लपवून राहिली? हॅट घातली तं विचारते, कुठून आनली?” त्यांनी काठाला फुंकर घातली. “एवढाच फरक हाये. तिनं एकदम घातली असती तं गाव तिच्यावर हसलं असतं. म्हनून पहिले मी घातली. लोकाइजवळ हसू काई लई नसते, मास्तर. चार महिने माह्यावर खर्च करून राहिले. आता सपत आलं असल.”

मी किटलीकडे पाहत राहिलो. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “आणि माप?”

“मंदाताईचं नं. हेल्मेट एकच हाये दोघीचं.” ते थांबले. “केसाचं अर्धं सेंटिमीटर कमी केलं.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. कितीतरी महिन्यांनी मी तो ऐकत होतो. “मास्तरभाऊ, सांगून ठेवा त्यायले. मी घालत नाई.”

वासुभाऊंनी गॅस बंद केला. आतल्या दाराकडे तोंड करून, फाटकातल्या पोट्ट्यांना सुनावतात त्यापेक्षा बरंच हळू म्हणाले, “डोकं कोनाचं?”

 किटलीची वाफ बसत गेली. मी चपला घालायला लागलो, एक पायात चढली, दुसरी सापडेना.

“माहं,” आतून उत्तर आलं.

बाहेर येऊन मी हिरामणजींना फोन केला आणि सांगितलं, समजावून झालं. कोणी कोणाला समजावलं, ते सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी आम्ही चौघं माझ्या गाडीतून आंबागडला गेलो. मागच्या सीटवर वासुभाऊ, मंदा आणि मध्ये शकुनवहिनी. जांभळी हॅट त्यांच्या मांडीवर, उलटी. गाव दिसायला लागल्यावर मंदाने वहिनींचा हात धरला. मांडवाशी गाडी थांबली. आधी वासुभाऊ उतरले, राखाडी हॅट घालून. लगेच चारी बाजूंनी खुसखुस सुरू झाली. “आला, आला, साहेब आला.” वासुभाऊ मुद्दाम दोन पावलं चालले, काठाला दोन बोटं लावून सगळ्यांना नमस्कार केला. हशा पिकला.

तो ओसरायच्या आत वहिनी उतरल्या. निळी इरकल साडी, कपाळावर मोठं कुंकू आणि ती जांभळी हॅट, एका बाजूला किंचित झुकलेली. मान ताठ होती.  वाजंत्रीवाल्याने सनई तोंडातून काढली. वासुभाऊ जागच्या जागी उभे होते; श्वास घेत नव्हते, असं मला वाटलं.

पहिल्यांदा पुढे आली नवरीची आई. तिने नणंदेला पायापासून शेंड्यापर्यंत पाहिलं, हॅटच्या फितीला बोट लावलं आणि म्हणाली, “बाई, कुठून आनली वं?”

वासुभाऊंनी श्वास सोडला.

मागून हिरामणजी आले. ताटात मानाची टोपी आणि दुपट्टा. जावयाला सुनावायचं म्हणून चेहरा सकाळपासून तयार केलेला. समोर आठ-नऊ महिन्यांनी बहीण उभी. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग वासुभाऊंकडे, मग पुन्हा तिच्याकडे. ताट एका बाजूला कलत चाललं होतं, त्याचं त्यांना भान नव्हतं. आणि त्या कडक, मोजकं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने निघून गेलं :

“हिले तं शोभून राहिली. मंग या मानसालेच काहून नाई शोभत?”