टिकारामजींचा रोजचा सवाल

साकोलीत टिकारामजींच्या दुकानातून कापड घ्यायचं म्हणजे इंग्रज काय काय करून गेले ते आधी सांगावं लागे. रोज सकाळी ते दुकानाच्या फळीवर खडूनं एक सवाल लिहीत. पहिली आगगाडी कुठून कुठं धावली? सुरतेत वखार कोणी घातली? सगळे सवाल इंग्रजी राजवटीचे, त्याच्या आगेमागे काही नाही. बरोबर उत्तराला चहा. चुकलात तर कापड मिळे, पण ते मोजून होईस्तोवर बोलणी खावी लागत.

"दीडशे वर्षं राबवलं त्याहीनं तुम्हाले, अन् साल आठवत नाही?"

एक म्हातारी एकदा फणकारली, "मले लुगडं पाहिजे गा, लाटसाहेब कायले?" तर तिलाही सोडलं नाही.

अंदाजपंचे उत्तर त्यांना खपत नसे. "तुक्का नाही चालणार" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा तापानं फणफणले होते. डॉक्टरांनी तोंडात थर्मामीटर घातला, तरी हातवारे करून डॉक्टरांनाच काहीतरी विचारत होते. मी त्यांचा शेजारी, तहसीलीत बाबू. सकाळी मागच्या बोळीनं ऑफिसला जायचो. चहाचं काय, तो घरीही मिळत होता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्यांच्या घरात लग्नाची पोरगी होती. शालू. आई लहानपणीच वारलेली, घरात बापलेक दोघंच. आता पाहुणे आले की ते मुलीला नाव विचारतात, चालून दाखवायला लावतात, ही आपली जगरहाटी. इथं टिकारामजी पोहे येण्याआधी नवरदेवालाच सवाल टाकत. तीन स्थळं अशी गेली. तिसरा तर शिक्षक होता. त्यानं धडाधडा उत्तर दिलं, तर म्हणाले, "साल बरोबर. महिना सांगा." पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले. इकडे शालूचं वय वाढत होतं आणि गावाच्या तोंडाला विषय मिळाला होता.

मग कोंढ्याचं स्थळ आलं. मुलगा घरची धानाची शेती पाहायचा. शालूनं त्याला एका लग्नात पाहिलेलं. ती माझ्या बायकोजवळ येऊन बसली आणि पदराचं टोक पिळत म्हणाली, "वैनी, हा मले पसंत आहे. आमच्या बाबाले सांगा ना, याच्या बारीले सवाल नोको."

बायकोनं ते लोढणं माझ्या गळ्यात बांधलं. मी दुकानात गेलो. म्हटलं, "टिकारामजी, उद्या तेवढी इंग्रजांना सुट्टी द्या. पोरीच्या मनात आहे."

ते बराच वेळ एकाच धोतराची घडी घालत राहिले. "एकच विचारतो," म्हणाले. "सोपा."

दुसऱ्या दिवशी पाहुणे सतरंजीवर बसले. पडद्याआड शालू पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती, चमच्यांचा आवाज बाहेर येत होता. टिकारामजींनी घसा साफ केला.

"इंग्रजाहीनं राजधानी कलकत्त्याहून कुठं नेली?"

मला हायसं वाटलं. हे तर शेंबडं पोरही सांगेल.

पोरगा छाती काढून म्हणाला, "नागपूरले."

झालं, मी मनात म्हटलं. आमच्या भागाची ही जुनीच खोड. राजधानी म्हटलं की तोंडात नागपूरच येतं. जुन्या मध्य प्रांताची राजधानी तिथं होती, ती गेल्याचं दुःख इथं अजून ओलं आहे. पण टिकारामजींना ते कोण सांगणार? त्यांनी पडद्याकडे पाहिलं. चमचे वाजायचे थांबले होते. मी खाली मान घालून सतरंजीची दशी ओढत होतो.

"बरोबर," टिकारामजी म्हणाले. "आण वो शालू, पोहे आण."

त्याच बैठकीत सुपारी फुटली. पाहुणे एस.टी.ला गेले, तेव्हा कुठं मी पोह्यांची बशी ओढली. म्हटलं, "टिकारामजी, दिल्ली हो."

"मले काय सांगता, बाबू? बरोबर सांगणाऱ्याइले तर मी हाकलून राहिलो होतो."

मी बशी खाली ठेवली.

"हिची माय गेली तवा पोरगी बोलेचना. मले तरी काय बोलता येते पोरीशी? तिचं शाळेचं इतिहासाचं पुस्तक पडलं होतं, त्यात इंग्रजांचा धडा होता. त्यातला एक सवाल विचारला. तिनं उत्तर देल्लं. मंग दुसऱ्या दिवशी दुसरा विचारला. तवापासून फळीवर लिवाच्या आधी रोज तिलेच विचारतो. आमचं बापलेकीचं बोलणं म्हणजे तेवढंच."

आत माझी बायको शालूला चिडवत होती, आणि शालू खळखळून हसत होती. असं हसणं त्या घरातून मी तरी ऐकलं नव्हतं. टिकारामजी कान देऊन ऐकत बसले. डोळे भरून आले होते, पण चेहरा मोठं ओझं खाली ठेवल्यासारखा मोकळा होता.

"खुश आहे ना, बाबू?"

"लय खुश आहे."

"मंग झालं." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "पण आता सकाळी बोलाचं कोणाशी?"

"मी येत जाईन," म्हटलं. "फक्त सोपे विचारत जा."