मधाचा थेंब आणि माझा डावा डोळा

स्वतःच्या घराच्या भिंतीत एक खिळा ठोकण्याइतके पौरुष प्रत्येक विद्वानात असतेच, असे माझे ठाम मत होते. (मत अजूनही तेच आहे, आता ते पत्नीसमोर मांडत नाही, इतकेच.) मी लोकसाहित्याचा अभ्यासक. लोकांच्या समजुती, गोष्टी आणि घरगुती उपाय त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. त्या ध्वनिफितींची खोकी कपाटातून ओसंडू लागली, तेव्हा त्यांच्यासाठी भिंतीवर एक फळी बसवावी, असा निर्णय मी एका रविवारी सकाळी घेतला. सुताराला बोलवायचे नाही, हा त्या निर्णयाचा उत्तरार्ध. सर्व अनर्थ उत्तरार्धात घडला.

"डोळ्यांना काहीतरी लावा हं," पत्नी म्हणाली. ती बँकेत कर्जविभाग सांभाळते. त्यामुळे धोका तिला लांबूनच दिसतो.

"चष्मा आहे की!"

"तो कपाळावर आहे."

होता खरा. जवळचे मला चष्म्याविना अधिक चांगले दिसते, हे तिला समजावून सांगत मी पोलादी खिळ्यावर हातोडा हाणला. खिळा भिंतीत तसूभरही गेला नाही. त्याचा एक कण मात्र उडाला आणि एवढ्या मोठ्या खोलीत त्याला उतरायला माझा डावा डोळाच सापडला.

मी ओरडलो नाही. ("आई गं!" हा उद्गार माझ्या मते ओरडण्यात मोडत नाही.)

"चोळू नका! हात खाली घ्या आधी!" पत्नीने मोटारीची किल्ली उचललीसुद्धा. "डोळ्यांच्या दवाखान्यात रविवारीही तातडीचे डॉक्टर असतात. चला, आत्ताच्या आत्ता."

मी निघालोच होतो. हे प्रकरण तिथेच संपले असते आणि मला ही कथा लिहिण्याचे कारण उरले नसते. पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या.

सासूबाईंविषयी थोडे सांगणे भाग आहे. दूरदूरच्या वस्त्यांतल्या अनोळखी वृद्धांना मी बोलते केले. माझ्याच घरातल्या या वृद्धेने मात्र ध्वनिमुद्रणयंत्र दिसताच दर वेळी तोंड मिटले. "मला मेलीला काय माहीत? तुम्ही शिकलेली माणसं," एवढ्यावर विषय संपायचा. त्या सासूबाई माझ्या डोळ्यात डोकावल्या आणि धीरगंभीर स्वरात म्हणाल्या, "जावईबापू, याला मध लागतो."

मी जागच्या जागी खिळलो. डोळ्यातून धारा लागल्या होत्या, प्रकाश सुईसारखा टोचत होता. पण उजव्या हाताने मी खिशातले यंत्र चालू केले. सवय ती सवय.

"कसा लागतो? अगदी सविस्तर सांगा."

"काय चाललंय तुमचं?" पत्नी कडाडली.

"हे बघ," मी तिला शांतपणे समजावले, "डोळे मला दोन आहेत. अशी निवेदक एकच आहे."

"मग त्या दुसऱ्या डोळ्याने दार दिसतंय ना? निघा!"

सासूबाई मधाची बरणी घेऊन आल्या. "दुखणाइताने उताणं निजायचं. चमच्याच्या दांड्याने एकच थेंब सोडायचा. आणि तोवर अक्षर बोलायचं नाही."

"वा! मौनाची अट!" मी कोचावर आडवा होत उद्गारलो. "हा फार जुना घटक दिसतो!"

"मोडलीत तुम्ही ती अट," पत्नी म्हणाली.

संशोधनात सहभागी निरीक्षणाला मोठे मोल असते. दुरून पाहणारे पुष्कळ असतात. मी प्रत्यक्ष उपाय भोगून त्याचे वर्णन करणार होतो. यंत्र छातीवर, मान मागे आणि सासूबाईंच्या चमच्याचा दांडा माझ्या डोळ्यावर झुकलेला. दांड्याच्या टोकाशी थेंब फुगू लागला. माझ्या व्यवसायातला तो परमोच्च क्षण होता.

"थांब आई," पत्नीचा आवाज आला. आता ती ओरडत नव्हती, आणि तेच जास्त भीतिदायक होते. "अहो, चष्मा लावा आणि उजवा डोळा झाका. समोरच्या घड्याळात किती वाजलेत?"

मी आत्मविश्वासाने उजवा डोळा झाकला.

"कुठलं घड्याळ?" मी विचारले.

सासूबाईंनी चमचा मागे घेतला. मौनाची अट आता सर्वांनीच पाळली. घड्याळाच्या जागी मला एक ओला, हलता डाग दिसत होता; आणि ज्या डोळ्यांनी उरलेले आयुष्य वाचत काढायचे, त्यांपैकी एक कायमचा असाच राहिला तर, हा विचार प्रथमच माझ्या विद्वत्तेला ओलांडून पोटात उतरला.

पुढचे सारे पत्नीने केले. एका कागदी पेल्याचे बूड कापून तिने ते डोळ्यावर पालथे ठेवले, कडेने चिकटपट्टी लावली आणि डोळ्यावर दाब येऊ न देता मला मोटारीत बसवले. सासूबाई मागच्या आसनावर बसल्या. मांडीवर बरणी.

"आई, ती कशाला?"

"दवाखान्यात नसला तर?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना कौतुकाला वेळ नव्हता. "चोळलात? नाही? छान. आत काही घातलं?"

"घालता घालता राहिलं," असे म्हणून पत्नीने बरणीकडे बोट दाखवले.

"पुन्हा मध!" डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी डोळा बधिर करणारे थेंब सोडले, माझी हनुवटी एका यंत्रावर टेकवली, कपाळ पट्टीला लावले आणि बारीक सुई हातात घेतली. "समोर बघा. अजिबात हलू नका, बोलू नका. काय झालंय, ठाऊक आहे का? गेल्या आठवड्यापासून मध घातलेले डोळे रोज येतायत. कुणीतरी विद्वान रेडिओवर बोलले म्हणे."

आयुष्यात इतके हलावेसे मला कधीच वाटले नव्हते.

"कुणीतरी कशाला?" कोपऱ्यातल्या स्टुलावरून सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "हेच बोलले! आम्ही सगळ्यांनी ऐकलं ना. त्याशिवाय मला मेलीला कुठून कळणार?"

सुई हवेत थांबली. सासूबाईंच्या रूपाने जी अस्सल, अस्पर्शित परंपरा मी त्या सकाळी शोधून काढली होती, तिचे वय आठवडाभराचे निघाले, आणि स्वतःचेच भाषण न ओळखणारा तिचा उगम मीच.

कण निघाल्यावर मी बाजू मांडली. "हा उपाय कुणी करू नये, सरळ डॉक्टरांकडे जावं, हे मी भाषणाच्या शेवटी स्पष्ट सांगणार होतो."

"मग?"

"वेळ संपला."

"निम्मा वेळ 'उपाय' या शब्दाच्या व्याख्येत गेला," पत्नीने साक्ष दिली.

डॉक्टरीणबाईंनी कापसावरचा तो काळा ठिपका दाखवला, खसखशीहूनही बारीक. "आत शिरला नाही, हे नशीब. आणि लगेच आलात म्हणून निभावलं. उद्यावर टाकलं असतं, तर याने बुबुळावर गंज धरला असता, जखम चिघळली असती, आणि नजरेत डाग राहिला असता तो कायमचा."

'लगेच' या शब्दापाशी मी पत्नीकडे पाहिले नाही. एका डोळ्याने पाहण्यासारखी तिची मुद्रा नव्हती.

डोळा पूर्ववत झाला. घड्याळ आता दोन्ही डोळ्यांना दिसते. मात्र डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून भरपाई वसूल केलीच. दवाखान्याच्या दारातल्या फलकाचा मजकूर मी लिहावा, अशी त्यांनी आज्ञा केली. मी तीन परिच्छेदांची प्रस्तावना पाठवली होती. त्यांनी ती छाटून एवढेच ठेवले: 'डोळ्याला मार लागला, काही उडालं, तर चोळू नका. रुतलेलं स्वतः काढू नका. घरचं काही घालू नका. सफाईचं द्रव्य उडालं तर आधी भरपूर पाण्याने धुवत राहा. आणि लगेच या.' खाली डोळ्यावर पट्टी बांधलेला माझा फोटो.

माझ्या ग्रंथसंपदेत लोकांनी शेवटपर्यंत वाचलेला हा एकमेव मजकूर. मी अभिमानाने सासूबाईंना तो दाखवायला नेले. त्यांनी फलक सावकाश वाचला, दोन पावले मागे सरकून फोटो न्याहाळला आणि म्हणाल्या,

"छान आलाय हो, जावईबापू. अर्धा चेहरा झाकला, की बरे दिसता."