कदमकाकांची फुंकर

कदमकाकांना माणूस पटला नाही की ते त्याच्यावर फुंकर मारतात. शिवी नाही, वाद नाही. मान जरा तिरकी करायची, ओठांचा चंबू करायचा आणि ‘फू’. समोरच्याला वाटतं, आपल्या कॉलरवर काही पडलं असेल. तो कॉलर झटकतो, वर “थँक्यू काका” म्हणतो. मी शेजारी उभा असतो आणि तोंड कुठं लपवू असं मला होतं.

ही सवय त्यांना कामामुळं लागली. शेंद्र्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी खाणीचा दगड निवडायच्या मशिनी बनवते. खाणीतून जो माल निघतो त्यात कामाचा दगड थोडा, बिनकामाचा जास्त. मशिनीत दगड पट्ट्यावरून पळत येतात, वरून कॅमेरा आणि एक्स-रे त्यांना बघतात. पट्टा संपतो तिथं हवेच्या बारीक नळ्या आहेत. धातूचा दगड सरळ खाली पडतो. नुसताच दगड असला की नळीतून फटकन हवा सुटते आणि तो उडून पलीकडच्या हौदात जातो. पापणी लवायच्या आत निकाल. खाणवाले नमुन्याची पोती पाठवतात आणि काका ती आमच्या शेडमध्ये चालवून दाखवतात. मी दगड धुतो. धूळ बसलेला दगड कॅमेऱ्याला ओळखू येत नाही.

मी भंडाऱ्याकडचा, नववीत शाळा सोडलेला. तिकडे मँगनीजच्या खाणीवर माझी आई हेच काम उन्हात बसून हातानं करते. मशिनीचं सांगितलं तेव्हा तिनं फोनवर विचारलं, “दमत नाही का रे बाप्पा ती?” मी नाही म्हटलं आणि मलाच कसंतरी झालं.

ठेकेदाराच्या टोळीतून काकांनीच मला शेडमध्ये घेतलं. काम शिकवलं, सेफ्टी बूट दिले, माझ्या पायाला सैल होतात म्हणून आत घालायला स्वतःचे मोजे दिले. एवढं करूनही मला त्यांची धास्ती होती. बाकी सगळ्यांवर त्यांनी कधी ना कधी फुंकर मारलेली. माझ्यावर अजून नाही. एक दिवस मारतील, मी उडेन, आणि आईला काय सांगायचं, ही काळजी मी रोज डब्यासोबत घेऊन यायचो.

काकांची फुंकर माणूस बघून थांबत नाही. मालकांचा भाचा सुपरवायझर होऊन आला आणि त्यानं पहिल्याच दिवशी आम्हाला उभं करून शिस्तीवर भाषण दिलं. काका पुढं झाले. ‘फू’.

“एसी लावलाय का इथं?” भाच्यानं विचारलं.

“नाय साहेब. नैसर्गिक हाय,” काका म्हणाले.

एकदा ते मला बिडकीनला त्यांच्या भावकीतल्या लग्नाला घेऊन गेले. माझ्याकडे चांगला शर्ट नव्हता, कंपनीचाच घालून गेलो, त्याची लाज होतीच. त्यात एक पाहुणे माइक सोडेनात. काकांनी स्टेजवर जाऊन त्यांना हार घातला आणि तेवढ्यात काम उरकलं. पाहुणे गहिवरले. परत येताना मी म्हटलं, “काका, लोक काय म्हणतील?” तर म्हणे, “वरून सगळेच दगड सारखे रे. आत काय हाय ते बघायचं. त्याच्या आत नुसता माइक हाय.”

पण संध्याकाळी मशीन बंद झाली की हाच माणूस हौदाशी उलटा डबा टाकून बसतो आणि उडवलेले दगड एकेक करून हातात घेऊन बघतो. हे काम कुणी सांगितलेलं नाही. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा त्यांनी दोन दगड एकमेकांना चिकटवून दाखवले.

“हे असे जोडीनं आले की हवा दोघांलाबी उडवती. ह्यो चांगला व्हता. मशीनची चूक नाय आन् ह्याचीबी नाय. शेजार चुकला.”

भाचा जाता जाता हसायचा. “काका, एवढ्यानं काय फरक पडतो?”

“त्या दगडाला पडतो की,” काका म्हणायचे आणि तो दगड चांगल्या ढिगावर ठेवायचे.

मी ज्या खोलीत राहायचो तिथं टोळीतले आणखी दोघं होते. त्यांनी कंपनीची तांब्याची वायर पळवली. मला त्यातलं काही माहीत नव्हतं, पण वायर आमच्या खोलीतल्या खाटेखाली सापडली. भाच्यानं आम्हा तिघांना शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर उभं केलं. सगळी कंपनी बघत बघत बाहेर पडत होती. मी चोरी केली नव्हती, तरी मान वर होईना. पायात काकांचे मोजे होते. ते कुणाला दिसू नयेत असं मला वाटत होतं.

काका आले. पहिल्यासमोर थांबले. ‘फू’. दुसऱ्यासमोर. ‘फू’. मग माझ्यासमोर. ओठांचा चंबू झालेला मी बघितला आणि डोळे मिटून घेतले.

हवा आली नाही. बराच वेळ आली नाही. डोळे उघडले तर काका नुसते बघत होते.

“ह्याला परत पट्ट्यावर टाका,” ते म्हणाले. “शेजारामुळं उडायलाय.”

“कशावरून?” भाचा म्हणाला.

“ह्यो खोटा निघाला तर त्याच्यामागं मला उडवा. लिहून देऊ का?”

भाच्यानं लिहून घेतलं नाही. मी राहिलो.

त्या रात्री काकांनी मला सिडकोतल्या घरी नेलं. काकू वारलेल्या, घरात एकटेच. स्वतः थापलेली भाकरी वाढली, पिठलं वाढलं. ताटाशेजारी फोन उलटा ठेवला. मी काहीतरी बोलायचं म्हणून भिंतीवरच्या फोटोतल्या मुलाबद्दल विचारलं.

“अभी माझा. पुण्याला असतो.” काका भाकरी मोडत राहिले. “कॉलेजात असताना पोरांनी कुणाचं तरी डोकं फोडलं. पोलिसांनी सगळ्यांला बसवलं. मी ठाण्यात गेलो आन् आख्ख्या रांगेवर फुंकून आलो. त्यो भांडण सोडवायला गेलता, हे मागनं कळलं.”

“मग?”

“मग काय. तवा पट्टा लई जोरात चालवायचो मी.”

त्यांनी फोन सरळ करून बघितला, पुन्हा उलटा ठेवला.

तेव्हा मला कळलं, गेटवर काका इतका वेळ कुणाकडं बघत होते ते. मी त्यांना चांगला वाटलो, याचा संध्याकाळपासून मनात आनंद धरून बसलो होतो. आता त्याचीही लाज वाटली. ती थांबलेली फुंकर दुसऱ्या कुणाची होती आणि ती मला मिळाली होती, हे ताट मिळालं तशीच.

“लाजायलास काय, खा की,” काका म्हणाले आणि न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

मी खाली बघून ती सगळी खाल्ली.