उत्साहाची पूर्वपरवानगी

साहेब मुलीला भेटायला इटलीला जाऊन आले आणि कार्यालयात परिपत्रक निघालं: ‘सर्व कर्मचाऱ्यांनी यापुढे ब्रिओने काम करावे.’ तिथल्या एका मैफलीत हा शब्द त्यांच्या कानावर पडला होता. इथं कुणालाच तो कळेना, म्हणून अर्थनिश्चिती समिती नेमली गेली.

समितीनं चहा-समोशांचा फडशा पाडून अहवाल दिला. ब्रिओ म्हणजे सळसळता उत्साह. शब्द इटालियन, पण इटालियनांनी तो बहुधा स्पॅनिशांकडून उचललेला, स्पॅनिशांनी जुन्या केल्ट लोकांकडून. तिथं अर्थ नुसता ‘बळ’. साहेबांनी शेरा मारला: ‘शब्दाचा मूळ रहिवास संशयास्पद. अर्थ मंजूर होईपर्यंत कोणीही उत्साह दाखवू नये.’

या आदेशाचं पालन कार्यालय वर्षानुवर्षं करतच होतं. पंचाईत झाली ती अभयची. पोरगा नवा, नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि तिच्याच भरवशावर त्यानं आईला सोयगावहून शहरात, पुंडलिकनगरच्या भाड्याच्या खोलीत आणलं होतं. टेबल कामासाठी असतं असा त्याचा भाबडा समज. शीळ घालत दाखले द्यायचा!

मूळचे कन्नड तालुक्यातले पुंजाराम उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आले. चहा थंड व्हायच्या आत दाखला हातात. त्यांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

“चहापाणी काय द्यायचं, सायेब?”

“काही नको, काका.”

पुंजारामांचा चेहरा उतरला. “पैसे घेत नाय, चकरा मारायला लावत नाय. ह्यो कागद खरा हाय का नाय?” म्हणत ते तडक साहेबांकडं गेले.

साहेबांनी दाखला जप्त केला आणि अभयला नोटीस बजावली: ‘मंजुरीविना ब्रिओ केल्याबद्दल आपली सेवा समाप्त का करू नये?’

शेजारच्या टेबलावरच्या रत्नमालाबाई कळवळल्या. “अरे लेकरा, लोकांना रखडलेलंच काम खरं वाटतं. आईकडं बघ जरा.”

घरी जाऊन अभयनं आईकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी माफीनामा लिहून दिला.

पुंजाराम पुन्हा आले. अभयनं मान वर केली नाही. “सर्व्हर डाऊन आहे. गुरुवारी या.”

पुंजारामांचा चेहरा खुलला. “हां! आता कसं सरकारी वाटतंय!”

गुरुवारी त्यांना सोमवार मिळाला. सोमवारी जप्त झालेलाच दाखला मिळाला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि अभयच्या खिशात बळेच काहीतरी कोंबलं. अभयनं ते काढलं नाही. तो आता कायम झाला आहे.

त्या सोमवारी पुंजारामांच्या मागं रांगेत तुम्हीच होतात ना? पोरगा शीळ घालायचा तेव्हा त्याच्याकडं संशयानं बघायचात. त्या दिवशी मात्र “माणूस रुळला हो,” म्हणालात आणि स्वतःचा हात खिशात घातलात.